वाड्यात कारागिरांचं दुकान थाटताना: कागदांपासून कौलांपर्यंत

पुण्या-नाशकातल्या, साताऱ्या-वाईतल्या जुन्या पेठांमध्ये अजून बरेच वाडे उभे आहेत. घरची माणसं उपनगरात गेलेली, खाली एखाद-दुसरा भाडेकरू, वर कुलूप आणि दर पावसाळ्यात थोडी थोडी खचणारी एक बाजू. अशा वाड्याचा खालचा मजला तांबट, बुरूड, कुंभार, विणकर यांच्या मालासाठी उघडणं हा वाडा टिकवण्याचा फार चांगला मार्ग आहे. भाडं येतं, माणसांचा रोजचा वावर राहतो आणि गळती दोन वर्षांनी नव्हे, त्याच दिवशी दिसते. पुण्यात तर तांबट आळी, बुरूड आळी आणि कुंभारवाडा जुन्या पेठांना लागूनच आहेत. माल आणायला टेम्पोदेखील लागत नाही.

पुढचं सगळं एका विशिष्ट प्रकारच्या वाड्याला धरून आहे: काळ्या दगडाचं जोतं, सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा, मधल्या जागी विटांच्या भिंती, वर कडीपाटाचा (लाकडी कड्या आणि त्यांवर फळ्या) एक मजला, त्यावर मंगलोरी कौलं आणि मधोमध एक चौक. कामाचा क्रम ठरलेला आहे: आधी पाणी, मग लाकूड, मग भिंती, मग वीज आणि सगळ्यात शेवटी दुकान. बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा होतो. दिवे आणि फर्निचर आधी येतात आणि पहिल्या जुलैत भिंतीचे पोपडे साड्यांवर पडतात.

कागद: तीन प्रश्न, तेही लेखी

पहिला प्रश्न मालकीचा. नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिकेचा ताजा उतारा काढा आणि वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकीच्या व्यवहारांचा तपास) घ्या. वाड्यांना वारस अनेक असतात. पत्रिकेवर सात नावं असतील, तर सातही जणांची सही किंवा नोंदणीकृत मुखत्यारपत्र लागेल. एक भाऊ ‘सगळ्यांच्या वतीने’ बोलतो आहे, एवढ्यावर पैसे घालू नका. भाडेकरू असतील तर त्यांना महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं संरक्षण आहे. दुरुस्तीच्या काळात ते कुठे राहतील, परत कुठल्या खोलीत येतील आणि दुकानाच्या वेळेत त्यांच्या येण्या-जाण्याची वाट कोणती, हे आधी लिहून घ्या. तुम्ही स्वतः जागा चालवायला घेणार असाल, तर लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो. दुरुस्तीचा खर्च तुमचा असेल तर अकरा महिन्यांच्या करारावर काम सुरू करू नका. निदान नऊ-दहा वर्षांची मुदत हवी आणि मधेच करार मोडला तर खर्चाची भरपाई कशी, हे कलम हवं.

दुसरा प्रश्न वारसा यादीचा. वाडा महापालिकेच्या यादीत आहे का, असल्यास कोणत्या श्रेणीत, हे तपासा. श्रेणी १ मध्ये मजबुतीसाठी आवश्यक तेवढंच काम करता येतं. श्रेणी २ मध्ये आतले बदल आणि नवा वापर साधारणपणे चालतो, पण बाहेरच्या बदलांची छाननी होते. श्रेणी ३ मध्ये मोकळीक जास्त असते. कोणतीही श्रेणी असो, वारसा समितीपुढे नकाशे, फोटो आणि कामाची पद्धत मांडावी लागते. संवर्धनाचा अनुभव असलेला वास्तुविशारद इथे पैसे वाचवतो. बाकीच्यांचे नकाशे दुरुस्तीसाठी परत येत राहतात.

तिसरा प्रश्न अंतराचा आणि हा सर्रास विसरला जातो. केंद्राच्या संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित क्षेत्र असतं आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित. शनिवारवाड्याच्या आसपासचे कित्येक वाडे यात येतात. प्रतिबंधित क्षेत्रात नवं बांधकाम होत नाही. दुरुस्ती करता येते, पण तिलाही परवानगी लागते. ती मिळायला वेळ जातो, म्हणून हा अर्ज सगळ्यांत आधी टाका.

यासोबत निवासी जागेचा वापर व्यापारी करण्याची परवानगी, मालमत्ता करात बदल आणि वाणिज्यिक वीज जोडणी या गोष्टी येतात. घरगुती मीटरवर दुकान चालवलं तर दंड होतोच. शिवाय आग लागली तर विमा कंपनीला दावा नाकारायला आयतं कारण मिळतं.

एक पावसाळा नुसता बघा

शक्य असेल तर कामाआधी एक पूर्ण पावसाळा वाड्यात घालवा. निदान ऑगस्टमध्ये तरी प्रत्येक खोलीचे फोटो काढा. उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत दिसणारी भिंत पावसाळ्यात जोत्यापासून तीन फूट ओली असू शकते.

भेगा मोजायची पद्धत सोपी आहे. भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक खिळा ठोका, व्हर्नियरने (बारीक मापाच्या मोजपट्टीने) अंतर मोजा, तारीख लिहा आणि दर पंधरा दिवसांनी पुन्हा मोजा. अंतर वाढून पावसाळ्यात पुन्हा कमी होत असेल, तर खालची माती फुगते-आकसते आहे. सतत वाढतच असेल, तर पाया बसतो आहे किंवा वरचं लाकूड भिंतीला ढकलतं आहे. या दोन्हींचे उपाय अगदी वेगळे आहेत, म्हणून आधी मोजमाप.

लाकडासाठी तीन साधनं पुरतात: लाकडी हातोडी, टोकदार आरी (टोचणी) आणि ओलावामापक. हातोडीने ठोकल्यावर चांगलं सागवान खणखणतं, पोखरलेलं भद्द वाजतं. आरी पाच-सहा मिलिमीटर सहज आत गेली, तर वरचा थर गेलेला आहे. ओलावा २० टक्क्यांच्या वर असेल, तर आज लाकूड बरं दिसलं तरी ते कुजायला लागणार. सगळ्यांत जास्त लक्ष तीन जागांकडे द्या: तुळईचं भिंतीत गेलेलं टोक, खांबाचा पाय आणि पन्हळीखालचे वासे. वाडा कुजतो तो बहुतेक या तीन ठिकाणांहूनच.

पाणी

कौलं उतरवून पुन्हा बसवणं हे पहिलं मोठं काम. मंगलोरी कौलं चौरस मीटरला साधारण १५ लागतात. १२० चौरस मीटर छपराला १,८०० झाली. फुटतूट धरून २,००० मागवा. जुनी कौलं टाकून देऊ नका. टिचकी मारल्यावर खणखणणारी वेगळी काढा आणि रस्त्याकडच्या पाख्यावर, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजूवर, वापरा, नवी मागच्या बाजूला. रंग वेगळा दिसत नाही आणि समितीही समाधानी राहते. कौल बदलताना रिपांमधलं (कौलं अडकवायच्या लाकडी पट्ट्यांमधलं) अंतर नव्या कौलाला धरून पुन्हा आखावं लागतं. जुन्या रिपांवर वेगळ्या मापाचं कौल बसवलं की साधा पाऊस चालतो, पण वाऱ्याचा पाऊस उलटा आत शिरतो.

गळतीची मुख्य जागा म्हणजे चौकाच्या चार कोपऱ्यांवर जिथे दोन पाखी मिळतात तिथली पन्हळ. इथे पत्रा निदान ६०० मिलिमीटर रुंद हवा आणि तो कौलांखाली दोन्ही बाजूंना दीडशे मिलिमीटर जायला हवा. सिमेंटने ही जागा बुजवणं हा सगळीकडे दिसणारा उपाय आहे आणि तो एका उन्हाळ्यात तडकतो.

चौकाचा निचरा हिशेबाने करा. आतल्या बाजूला उतरणारं छप्पर १२० चौरस मीटर आणि तासाला १०० मिलिमीटरच्या वेगाने सर आली, तर तासाला १२,००० लिटर पाणी चौकात येतं. म्हणजे सेकंदाला सव्वातीन लिटरच्या वर. कागदावर ११० मिलिमीटरचा पाइप हे पाणी पेलतो, पण पानं, माती आणि कौलांचे तुकडे धरले तर १६० मिलिमीटरचाच टाका, १०० ला १ उतार द्या आणि प्रत्येक वळणावर चेंबर ठेवा. चौकाच्या फरशीचा मूळ उतार आधी तपासा. कित्येक वाड्यांत जुनी दगडी मोरी फरशीखाली शाबूत असते, फक्त बुजलेली असते.

चौकावर पॉलिकार्बोनेटचं छप्पर घालायचा मोह टाळा. वाडा थंड राहतो तो चौकातून गरम हवा वर निघून जाते म्हणून. चौक झाकला की एप्रिलमध्ये ओसरीवर उभं राहवत नाही. मग एसी येतो, त्याचं पाणी भिंतीत मुरतं आणि सगळं गणित बिघडतं.

स्वच्छतागृह आणि पाण्याची टाकी लाकडी सांगाड्याच्या बाहेर, परसाकडे ठेवा. वरच्या मजल्यावर, कडीपाटावर, एकही पाण्याचा नळ नको.

लाकूड

तुळईचं टोक कुजलं म्हणजे अख्खी तुळई बदलायची, असं काही नाही. बारा फुटी तुळईचं फूटभर टोक गेलेलं असतं, बाकीचं सागवान आज बाजारात मिळणाऱ्या लाकडापेक्षा चांगलं असतं. कामाचा क्रम असा:

१. तुळईखाली दोन्ही बाजूंना टेकू द्या. टेकूच्या खाली आणि वर जाड फळ्या हव्यात. थेट फरशीवर टेकवलेला टेकू फरशीतून खाली जातो.

२. वरचं ओझं काढा: सामान, मातीचा थर, मधल्या विटा.

३. खाली बसलेली तुळई उचलायची असेल तर पाचरी किंवा जॅकने, दिवसाला २-३ मिलिमीटरहून जास्त नाही. घाईने उचललं की वरच्या मजल्याच्या भिंतीला तडे जातात आणि चौकटी अडकतात.

४. कुजलेला भाग दिसतो त्याच्यापुढे निदान ३०० मिलिमीटर चांगल्या लाकडापर्यंत कापा. बुरशी दिसते त्याच्या पुढेही गेलेली असते.

५. जुन्याच सागवानाचा तुकडा तिरकस सांध्याने जोडा आणि आरपार बोल्ट टाका. भार मोठा असेल तर दोन्ही बाजूंना पोलादी चॅनेल लावायचे, पण मापं स्ट्रक्चरल इंजिनिअरने काढून दिलेली हवीत. बोल्ट शक्यतो स्टेनलेस स्टीलचे.

६. टोक परत भिंतीत घालताना त्याखाली दगडाची चीप द्या आणि तिन्ही बाजूंना २५ मिलिमीटर मोकळी जागा सोडा. टोकाभोवती सिमेंट ठासून भरणं हे ते पुन्हा कुजवण्याचं खात्रीचं साधन आहे.

जुनं सागवान पाडलेल्या वाड्यांच्या लाकडाच्या वखारीत मिळतं. घेताना आतले खिळे बघा आणि आपल्या तुळईपेक्षा एक माप मोठंच घ्या.

खांबाच्या पायाची गोष्ट वेगळी आहे. मूळ रचनेत खांब दगडी तळखड्यावर उभा असतो आणि लाकूड जमिनीपासून वर राहतं. पुढे कुणीतरी जुन्या फरशीवर सिमेंट आणि त्यावर टाइल्स घालतो. जमीन चार-पाच इंच वर येते, तळखडा गाडला जातो आणि खांबाचा पाय ओल्या सिमेंटात उभा राहतो. म्हणून टाइल्स काढून जमीन मूळ पातळीवर आणणं हे शोभेचं काम नाही, ते मजबुतीचं आहे.

वाळवीसाठी परवानाधारक कंपनीकडून जोत्याला लागून, साधारण ३०० मिलिमीटरवर १२ मिलिमीटरची भोकं पाडून औषध भरून घ्या. फरशा बसवण्याच्या आधी. नंतर करायचं तर नव्या फरशीला भोकं पडतात.

वजन

हा भाग दुकानवाल्यांना कंटाळवाणा वाटतो आणि नेमका इथेच धोका आहे. भारतीय मानकांनुसार घराच्या जमिनीवर चौरस मीटरला साधारण २०० किलोचा वापराचा भार धरतात, किरकोळ दुकानासाठी ४०० किलो. गोदामासाठी त्याहूनही बराच जास्त. वाड्याचा कडीपाट घरासाठी घातलेला आहे.

कडीपाटावर फळ्यांच्या वर मातीचा थर असतो. १५० मिलिमीटर माती म्हणजे चौरस मीटरला अडीचशे किलोच्या आसपास नुसतं मेलेलं वजन. त्यावर पुढच्या पिढ्यांनी कोबा घातला असेल तर आणखी. हा थर कमी केला की मजल्याला श्वास मिळतो. पण पूर्ण काढू नका: माती असते म्हणून खालची आग वर पोचायला वेळ लागतो आणि पावलांचा आवाज दबतो. ४०-५० मिलिमीटर ठेवून वर फळ्यांची जमीन, हा आमच्या मते योग्य मध्य.

आता मालाचं वजन. १.२ मीटर लांब, ०.४५ मीटर खोल, पाच फळ्यांचं कपाट घ्या. तांब्याची भांडी मांडली तर फळीला ३० किलो सहज होतात. माल १५० किलो, कपाट ४० किलो, एकूण १९०. हे वजन अर्ध्या चौरस मीटरच्या थोड्या वर जागेत उतरतं, म्हणजे चौरस मीटरला साधारण ३५० किलो, तेही त्यात उभी राहणारी माणसं न धरता. साड्या हलक्या वाटतात, पण सहाशे ग्रॅमची एक अशा अडीचशे घड्या त्याच कपाटात बसल्या की तेच दीडशे किलो होतात.

म्हणून नियम सरळ आहे. मुख्य विक्री खालच्या मजल्यावर. तांबं, पितळ, मातीची भांडी, दगडी वस्तू आणि साठा तर नक्कीच खाली. वर कागदाच्या वस्तू, वारली चित्रं, दागिने, कार्यालय. वरची कपाटं भिंतीलगत, कड्यांना आडवी, म्हणजे एका कपाटाचं वजन तीन-चार कड्यांवर विभागतं. कड्यांच्या मधोमध काही जड नको.

भिंती आणि चुना

सिमेंटचा गिलावा आधी काढायचा, तो छन्नी-हातोडीने. ब्रेकर लावला की मागच्या मऊ भाजक्या विटा फुटतात. विटांची भिंत जमिनीतलं पाणी थोडं थोडं वर ओढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून ते उडून जातं. सिमेंट किंवा प्लास्टिक पेंट लावला की पाण्याची वाट बंद होते, ते आणखी वर चढतं, सोबत क्षार नेतं आणि भिंतीला लोणा लागतो. उघडी केलेली भिंत एक उन्हाळा वाळू द्या. वर आलेला पांढरा क्षार कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुवू नका, नाहीतर तो पुन्हा आत जातो.

चुन्याची कळी (भाजलेला कोरडा चुना) आणून पाण्यात विरवायची असेल तर चष्मा आणि हातमोजे घालूनच. नेहमी पाण्यात कळी टाका, कळीवर पाणी ओतू नका. उकळी फुटून उडालेला चुना डोळा घालवतो. विरवलेला चुना गाळून, वर पाणी ठेवून, निदान तीन-चार आठवडे मुरू द्या. जितका जुना तितका लगदा चिकट होतो.

गिलाव्याचं प्रमाण: १ भाग चुन्याचा लगदा, दीड भाग धुतलेली जाडसर वाळू, अर्धा भाग सुरखी, म्हणजे विटकरीचा चुरा. ओलसर जागी सुरखी थोडी वाढवा. गूळ, बेलफळ, हिरडा यांचं पाणी गवंडी आपापल्या पद्धतीने घालतात. गवंडी जाणता असेल तर त्याला करू द्या, पण आधी एक चौरस मीटरचा नमुना करून महिनाभर बघा. १०० चौरस मीटर भिंतीवर दोन थर मिळून २० मिलिमीटर गिलावा म्हणजे २ घनमीटर माल. वाया जाणारं धरून वाळू आणि सुरखी मिळून २ घनमीटर आणि लगदा १ घनमीटर लागेल.

पहिला थर १२ मिलिमीटर, मग निदान आठवड्याने दुसरा ८ मिलिमीटर. प्रत्येक थर ओल्या गोणपाटाने सात ते चौदा दिवस झाकून ठेवा. ठेकेदार इथे घाई करतो, कारण त्याला सिमेंटची सवय असते. चुना हळूहळू हवेतून घट्ट होतो. उन्हात वाळला की भुसभुशीत राहतो आणि हात फिरवला तरी पीठ निघतं. या कामाला ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. एप्रिल-मेमध्ये गिलावा करू नका.

वर चुन्याचे तीन-चार पातळ हात. दुकानासाठी एक खबरदारी: चुन्याच्या भिंतीला कापड घासलं की पांढरं लागतं. शेवटच्या हातात डिंकाचं पाणी घातलं तर कमी होतं, पण जातं असं नाही. साड्या, इरकल, खणाचं कापड यांची मांडणी भिंतीपासून ५० मिलिमीटर सोडून लाकडी चौकटीवर करा. हवाही खेळते.

उंबरठा आणि उतार

चाकाच्या खुर्चीसाठी उताराचं प्रमाण १ ला १२. उंबरठा १५० मिलिमीटर असेल तर १.८ मीटर लांबीचा लाकडी, उचलून ठेवता येणारा उतार पुरतो. पण जोतं ६०० मिलिमीटर असेल तर ७.२ मीटर लागतात आणि तेवढी जागा रस्त्यावर नसते. अशा वेळी परसाकडच्या दाराने वाट काढा. उंबरठा कापू नका. तो चौकटीला खालून बांधून ठेवतो.

वीज आणि आग

जुनी सगळी वायरिंग काढा, एकही वायर ठेवू नका. नवी पृष्ठभागावरून, धातूच्या नळीतून न्या. भिंतीत झिरी पाडायच्या नाहीत, कोरीव तुळईला स्क्रू मारायचा नाही. दिव्यांना १.५, प्लगना २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची, आग न पसरवणारी वायर. प्रत्येक गटाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि मुख्य ठिकाणी ३०० मिलिअँपिअरचा, कारण लाकडी इमारतीत गळणारा करंट हेही आगीचं मूळ ठरतं.

भाराचा हिशेब: १० वॅटचे ५० दिवे ५००, ३० वॅटचे १४ बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे ४२०, संगणक-कॅमेरे ५००, पंप ७५०, साड्यांची इस्त्री २,०००. एकूण सव्वाचार किलोवॅटच्या आत. म्हणजे ६ किलोवॅट मंजूर भार भरपूर. इस्त्रीला स्वतंत्र गट द्या. दिवे ३,००० केल्विनच्या आसपास आणि सीआरआय (रंग खरे दिसण्याचा निर्देशांक) ९० किंवा वर, नाहीतर पैठणीचा मोरपंखी आणि निळा सारखाच दिसतो. लाकडापासून दिवा निदान फूटभर लांब.

आगीच्या बाबतीत वाड्याची खरी अडचण जिना आहे. तो भिंतीतला, उभा, दोन-अडीच फूट रुंद असतो. राष्ट्रीय इमारत संहिता दुकानांसाठी दीड मीटर रुंदीचा जिना मागते. माणसांची संख्याही तीच सांगते: रस्त्याच्या पातळीवरच्या विक्रीत माणशी ३ चौरस मीटर, वरच्या मजल्यावर ६. खाली ९० चौरस मीटर विक्रीची जागा असेल तर ३० माणसं, वर ६० असेल तर १०. दुसरा जिना देता येत नसेल तर वरचा मजला ग्राहकांना बंद ठेवा. दिवाणखाना सुंदर असतो, मोह होतो, पण पन्नास जणांचा कार्यक्रम तिथे घेणं म्हणजे जिवाशी खेळ.

दिंडी दरवाजातून एका वेळी एकच माणूस वाकून जातो. दुकानाच्या वेळेत मोठी दारं पूर्ण उघडी आणि अडकवलेली हवीत. देवडीत, म्हणजे मोठ्या दारामागच्या जागेत, बिलाचं टेबल ठेवू नका. ती बाहेर पडायची वाट आहे. कुठल्याही जागेपासून १५ मीटरच्या आत ६ किलोचा एबीसी पावडर अग्निशामक, विजेच्या पेटीजवळ कार्बन डायऑक्साइडचा, प्रत्येक खोलीत आणि आढ्याखाली धुराचे डिटेक्टर. यंत्रणा परवानाधारक एजन्सीकडून बसवून प्रमाणपत्र घ्या. ती चालू असल्याचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं.

कारागिरांची प्रात्यक्षिकं जरूर ठेवा: बुरुडकाम, विणकाम, तांब्यावरचं मठारकाम (हातोडीने ठोके उठवणं). पण झाळकाम (धातू तापवून सांधणं), भट्टी, गॅस शेगडी लाकडी भागात अजिबात नको. ते चौकात, उघड्यावर, पाण्याची बादली शेजारी ठेवून.

मांडणी

वाड्याची जागा खणात मोजलेली असते. दोन खांबांमधला एक खण हेच गाळ्याचं माप धरा, म्हणजे पार्टिशन लागत नाहीत. माजघरात उजेड कमी, ते कापडाला उत्तम: ऊन लागत नाही, रंग उडत नाही. ओसरीवर बांबू आणि मातीची भांडी, चौकात आठवडी बाजार. कोनाड्यात एकच वस्तू ठेवा. फडताळं दागिन्यांसाठी. जुन्या खुंट्यांवर दोन किलोहून जास्त टांगू नका. तुळईवरून काही लटकवायचं तर आतून कापडाचं अस्तर लावलेली पट्टी आवळून, स्क्रूने नाही. सगळं फर्निचर सुटं, पायाखाली रबर. उद्या दुकान हललं तर वाड्याला एकही नवं भोक पडलेलं नसावं.

पाटी मराठीत, देवनागरीत हवी, तो कायदाच आहे. ती दगडात नाही, दगडांमधल्या दर्जांमध्ये, म्हणजे सांध्यांमध्ये, बसवा.

कारागिरांशी करार

तीन पद्धती आहेत: माल विकत घेणं, विक्रीनंतर पैसे देणं किंवा खण भाड्याने देणं. सुरुवातीला दुसरी सगळ्यांना सोपी वाटते, पण तीत कारागिराचं भांडवल अडकून पडतं. म्हणून निदान वेगाने खपणाऱ्या वस्तू रोखीने घ्या.

वाटा ठरवताना उलटा हिशेब करा. समजा भाडं, पगार, वीज, विमा मिळून महिन्याचा खर्च १,५०,००० रुपये आणि दुकानाचा वाटा ३० टक्के. तर खर्च भागायला महिन्याला ५,००,००० ची विक्री हवी. २६ दिवस धरले तर रोज १९,२०० च्या वर. सरासरी बिल ८०० असेल तर रोज २४ बिलं. हा आकडा आवाक्यात नसेल तर वाटा वाढवू नका, खर्च कमी करा. वाटा ४० टक्क्यांवर गेला की कारागीर किंमत वाढवतो आणि तीच वस्तू त्याच्या घरी स्वस्त मिळते हे गिऱ्हाइकाला आठवड्यात कळतं.

करारात हे हवंच: पैसे कोणत्या तारखेला, फुटलं-चोरीला गेलं तर कोणाचं, न खपलेला माल किती महिन्यांनी परत, सूट द्यायचा अधिकार कोणाचा, विमा कोणाच्या नावावर. कारागिराने उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) केली असेल तर विकत घेतलेल्या मालाचे पैसे लेखी करार असताना जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसताना १५ दिवसांत द्यायचे असतात. दर पंधरा दिवसांनी हिशेब चुकता करणं हेच बरं. उशिरा पैसे देणाऱ्या दुकानाला चांगला माल शेवटी मिळतो.

जीएसटीची मेख बिलात आहे. विक्रीचं बिल दुकानाच्या नावाने निघत असेल तर दुकान एजंट ठरतं आणि कारागिराकडून आलेला माल हाच पुरवठा मानला जातो. बिल कारागिराच्या नावाने निघालं तर दुकान फक्त कमिशनची सेवा देतं. दोन्हींचे परिणाम वेगळे आहेत. करार छापण्याआधी सीएकडून ठरवून घ्या.

पैठणी, कोल्हापुरी चप्पल, वारली चित्र, सावंतवाडीची गंजिफा (हाताने रंगवलेले पत्ते) यांना भौगोलिक मानांकन आहे. मानांकनाचं चिन्ह लावायचं तर कारागीर त्याचा नोंदणीकृत वापरकर्ता असायला हवा. प्रमाणपत्राची प्रत मागा आणि यंत्रमागाची साडी पैठणीच्या फळीवर कधीही ठेवू नका.

पावसाळ्यातलं दुकान

जूनच्या आधी पन्हळी, मोऱ्या, चेंबर साफ. कातडी वस्तू आणि बांबू जमिनीपासून फूटभर वर, भिंतीपासून सुटे. बंद कपाटांत आर्द्रता साठ टक्क्यांच्या खाली राहील एवढी सिलिका जेल, दर आठवड्याला वाळवून परत ठेवायची. बांबूच्या वस्तूंखाली पिवळट पीठ दिसलं तर भुंगा आहे. ती वस्तू त्याच दिवशी बाहेर काढा, नाहीतर तो शेजारच्या बांबूच्या वस्तूंत पसरायला वेळ लागत नाही. रोज सकाळी दुकान उघडणाऱ्याने विजेरी घेऊन आढ्याखालून एक फेरी मारायची आणि ओला डाग दिसला तर खडूने कड आखून तारीख घालायची. डाग कडेबाहेर गेला की कौलं शाकारणाऱ्याला लगेच बोलवा. एक सरकलेलं कौल बसवणं तासाभराचं काम आहे, त्याखालचा वासा बदलायला दोन आठवडे जातात आणि तेवढे दिवस तो खण बंद ठेवावा लागतो.